पावसाळ्यात जुन्या गिटारच्या तारा उचलतात: सॅडल घासण्याआधी काय काय तपासावं

जून सरत आला की जुन्या अकूस्टिक गिटारी बाळगणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते. मे महिन्यात बोटांना हलकी वाटणारी गिटार जुलैत जड झाली. बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) धरताना मनगट भरून येतं, बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बाराव्या) पुढे तार दाबली की सूर चढा लागतो. मग गिटार दुरुस्तीला जाते, सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची छोटी पट्टी, घासून तारा खाली आणल्या जातात आणि दोन-तीन महिने बरे जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तीच गिटार पहिल्या चार-पाच फ्रेटवर किरकिरायला लागते. नवीन सॅडल बसवलं जातं. पुढच्या जुलैत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात हे दरवर्षी घडतं. पुण्या-नाशकात पावसाळा थोडा सौम्य, पण तिथला कोरडा उन्हाळा दुसऱ्या टोकाला नेऊन सोडतो, त्यामुळे वर्षभरातला फरक तिथेही मोठाच पडतो. जुन्या गिटारीच्या बाबतीत हा नुसता वाजवण्याच्या सोयीचा प्रश्न राहत नाही. एकदा घासलेलं हाड परत वाढत नाही, आणि ब्रिजच (खोक्यावर चिकटवलेला, सॅडल धरून ठेवणारा लाकडी ठोकळा) रंध्याखाली गेला असेल तर त्या वाद्याचा एक मूळ भाग कायमचा गेला. म्हणून माझा आग्रह एवढाच, की पावसाळ्यात घेतलेल्या एका मापावरून जुन्या गिटारीवर हत्यार चालवू नये. जो उंचपणा ऋतूबरोबर येतो आणि जातो, तो वाद्याचा दोष नाही. कोरड्या दिवसांतही जो टिकतो, तो दोष. दुरुस्ती करायची ती त्या दुसऱ्याची.

नेमकं काय हलतं?

पावसात दार फुगून चौकटीत अडकतं, तेच इथे घडतं, पण गिटारीत त्याला एक वेगळं वळण मिळतं. लाकूड ओलावा पिऊन रेषांच्या आडव्या दिशेने वाढतं, लांबीत जवळजवळ वाढत नाही. गिटारचा टॉप म्हणजे स्प्रूसची जेमतेम तीन मिलीमीटर जाडीची फळी, खालच्या रुंद भागात साधारण ४०० मिलीमीटर. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांवरून ८० वर जाऊन स्थिरावली, तर एवढी फळी मोकळी ठेवली असता आडवी साडेतीन मिलीमीटरच्या आसपास वाढेल. पण ती मोकळी नसते. कडा बाजूंना चिकटवलेल्या, आणि आतून ब्रेस, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, आडवे-तिरके लावलेले. ब्रेसची लांबी बदलत नाही. वाढलेल्या लाकडाला बाजूला जायला जागा नसल्यामुळे ते वर येतं, टॉपला पोट येतं. त्या पोटावर ब्रिज बसलेला असतो, तोही वर जातो आणि त्याच्याबरोबर तारा.

हिशेब सोपा आहे. ब्रिजजवळ जेवढी उंची वाढते, त्याच्या निम्मी बाराव्या फ्रेटवर दिसते. टॉप एक मिलीमीटर फुगला तर बाराव्या फ्रेटवर तारा अर्धा मिलीमीटर वर. आकडा किरकोळ वाटतो, पण जाड ‘ई’ तार २.४ मिलीमीटरवर आरामात वाजते आणि २.९ वर ती बोटांना जाणवतेच. हाच हिशेब उलटाही लागतो: तार अर्धा मिलीमीटर खाली आणायची तर सॅडल एक मिलीमीटर घासावं लागतं. जुन्या गिटारींवर सॅडल आधीच बुटकं झालेलं असतं, त्यात एक मिलीमीटर म्हणजे बरंच झालं.

नेक (गिटारची मान) ओलाव्याने कुठल्या बाजूला वाकेल हे ज्या त्या नेकवर अवलंबून असतं. टॉप मात्र ओलाव्यात वरच येतो. म्हणून आधी टॉपकडे बघायचं.

सगळ्याच गिटारी सारख्या वागत नाहीत. प्लायवुडच्या टॉपमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात, त्यामुळे तो कमी हलतो. यामाहाची १९६६ मध्ये आलेली एफजी-१८० प्लायवुडचीच होती, आणि आपल्याकडे तिच्या पिढीतल्या गिटारी जगल्या त्याचं हे एक कारण मला वाटतं. भारतीय बनावटीच्या अनेक जुन्या गिटारींत तारा ब्रिजला न अडकवता खालच्या पत्र्याच्या टेलपीसला बांधलेल्या असतात. तिथे तारांचा ओढा ब्रिज उपटायला बघत नाही, उलट टॉपला खाली दाबतो. खाली लिहिलेलं सगळं मुख्यतः सलग स्प्रूसच्या टॉपच्या, पिनवाल्या ब्रिजच्या गिटारींसाठी आहे: मार्टिन, गिब्सन या अमेरिकी कंपन्यांच्या जुन्या गिटारी आणि त्यांच्या घडणीच्या इतर.

मापं कशी घ्यायची

लागणारं सामान: अर्धा मिलीमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी, एक लांब सरळ पट्टी आणि फीलर गेज. फीलर गेज दुचाकीचे सुटे भाग विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतं, टॅपेट लावायला मेकॅनिक तेच वापरतात. शिवाय एक आर्द्रतामापक. स्वस्त आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास ठेवू नका, घरच्या घरी तपासून घ्या. बाटलीच्या टोपणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं दिसेल एवढंच पाणी घाला, ते टोपण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. ७० दाखवले तर तुमचा मापक पाच टक्के कमी सांगतो, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. मापक चुकीचा असेल तर पुढच्या सगळ्या नोंदी वाया जातात.

गिटार नेहमीच्या सुरात मिळवून घ्या. ढिल्या तारांवर घेतलेलं माप निरुपयोगी असतं. मग वाजवतो तशी धरून, आडवी न ठेवता, बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून जाड आणि बारीक ‘ई’ तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा.

त्यानंतर नेकचा बाक. जाड ‘ई’ तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते फीलर गेजने बघा. ०.१ ते ०.३ मिलीमीटर चांगलं. उन्हाळ्यात ०.२ होतं आणि आता ०.५ झालं, तर तारा उचलण्यात नेकचाही हात आहे.

नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्यात बसतात त्या पट्टीची, खाच ऋतूप्रमाणे बदलत नाही. तिसरा फ्रेट दाबून पहिल्या फ्रेटवर केसभर फट दिसली की नट ठीक, पुढे चला.

टॉपचं पोट मोजायला सरळ पट्टी ब्रिजच्या मागे, गिटारच्या रुंदीच्या दिशेने आडवी ठेवा. पट्टी मधल्या फुगवट्यावर टेकेल आणि कडांना फट दिसेल. दोन्ही कडांची फट सारखी येईल अशी पट्टी धरा आणि ती फट मोजा. एक्स ब्रेसिंगच्या (मुख्य ब्रेस इंग्रजी एक्ससारखे एकमेकांना छेदतात अशा) जुन्या गिटारीत थोडं पोट असतंच, पुष्कळदा ते मुळातच ठेवलेलं असतं, त्यामुळे एका आकड्यावरून घाबरू नका. कोरड्या दिवसांतला आकडा आणि पावसाळ्यातला आकडा यांत किती अंतर आहे ते बघायचं.

शेवटचं माप नेकच्या कोनाचं. लांब पट्टी फ्रेटबोर्डच्या मधोमध, फ्रेटच्या माथ्यांवर ठेवून ब्रिजपर्यंत सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या वरच्या पातळीवर अलगद आलं किंवा किंचित वरून गेलं तर कोन उत्तम. टोक ब्रिजच्या पुढच्या भिंतीवर, निम्म्या उंचीच्या आसपास धडकलं तर कोन बिघडलेला आहे. पण हीच चाचणी पावसाळ्यात सगळ्यात जास्त फसवते. टॉप फुगून ब्रिज वर आलेला असतो, पट्टी खाली धडकते, आणि धडधाकट गिटारीलाही ‘नेक रिसेट लागेल’, म्हणजे नेक काढून त्याचा कोन बदलून पुन्हा बसवावा लागेल, असं सांगितलं जातं. दादरला राहणाऱ्या एका स्नेह्याच्या गिटारीला ऑगस्टमध्ये असंच निदान मिळालं होतं. काम महाग म्हणून त्यांनी थांबवलं. दिवाळीनंतर पट्टी ब्रिजच्या माथ्यावरून अलगद गेली.

हे आकडे एका वहीत तारीख आणि त्या दिवशीची आर्द्रता यांच्यासह लिहायचे. वर्षातून तीनदा पुरे: मार्च-एप्रिल, ऑगस्ट, आणि दिवाळीनंतर तीन-चार आठवड्यांनी. लाकूड हवेशी जुळवून घ्यायला दिवस नव्हे, आठवडे घेतं, म्हणून पाऊस थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी माप घेण्यात अर्थ नाही. वर्ष-दोन वर्षांत त्या वहीतून तुमच्या गिटारीचा स्वभाव कळतो आणि मग कुठल्याही कारागिराशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी ठोस असतं.

ऋतूचं काम की खरा बिघाड

दोन्ही ‘ई’ तारा साधारण सारख्याच वर आल्या, बाक तेवढाच राहिला, पोट वाढलं आणि हे सगळं तीन-चार आठवड्यांत हळूहळू झालं, तर तो पाऊस आहे. गिटारला काहीही झालेलं नाही.

तारा एका रात्रीत उचलल्या किंवा एकीकडेच जास्त उचलल्या तर मात्र लगेच बघा. पहिला संशय ब्रिजवर. साधा पातळ कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहा. मिलीमीटरभर आत गेला तर बहुतेक वेळा ती लॅकरची कड असते, चिंता नको. तीन-चार मिलीमीटर आत जात असेल तर ब्रिज सुटायला लागला आहे. तारा त्याच दिवशी ढिल्या करा. सुटणारा ब्रिज आपल्याबरोबर स्प्रूसचे तंतू उपटून नेतो, आणि मग साध्या चिकटवण्याचं काम लाकूड भरण्याचं होऊन बसतं.

दुसरा संशय ब्रेसवर. बोटाच्या पेराने टॉपवर ठिकठिकाणी हलकं ठोका. सगळीकडे भरीव आवाज आणि एका जागी फटफट असा सैल आवाज आला, तर आत ब्रेस सुटलेला असू शकतो. छोटा आरसा आणि मोबाइलचा कॅमेरा आत घालून खात्री करून घ्या. खोलीत अंधार करून मोबाइलचा दिवा गिटारच्या पोटात ठेवला तर आरपार गेलेल्या चिरा उजेडाच्या रेघांसारख्या दिसतात. पिकगार्डच्या कडेला विशेष बघा. जुन्या मार्टिनमध्ये सेल्युलॉइडचं पिकगार्ड थेट उघड्या लाकडावर चिकटवून मग लॅकर मारत. सेल्युलॉइड वर्षानुवर्षं आकसत जातं, लाकडाला ओढतं आणि त्या कडेने चीर पडते.

आणि तिसरं, नेकचा कोन खरोखरच बदललेला असणं. तारांच्या ओढ्याने चाळीस-पन्नास वर्षांत हे होतंच. बारा-त्रेपन्नच्या (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) लाइट संचाचा एकूण ओढा सुमारे ७३ किलो असतो, मीडियमचा ८० च्या वर. एवढं वजन दिवसरात्र ओढत असताना सांधा आणि टॉप किंचित सरकणं हा वाद्याच्या वयाचा भाग आहे. म्हणून नेक रिसेट झालेली जुनी गिटार मी कमी प्रतीची मानत नाही. तो चांगला झाला असेल तर तिला दुसरं आयुष्य मिळालेलं असतं.

ट्रस रॉडकडे धाव घेण्याआधी

तारा उचलल्या की अनेकजण आधी अॅलन की शोधतात. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची काडी, नेकचा बाक सरळ करतो, टॉपचं पोट किंवा नेकचा कोन नाही. बाक मोजून जास्त आलाय हे दिसल्याशिवाय त्याला हात लावू नका. अन् जुन्या गिटारीत तो फिरवता येण्याजोगा असेलच असंही नाही. गिब्सनकडे १९२० च्या दशकापासून फिरवता येणारा ट्रस रॉड आहे. मार्टिनने तो १९८५ मध्ये आणला. त्याआधीच्या मार्टिनमध्ये १९३४ पासून टी आकाराची पोलादी पट्टी, १९६७ पासून चौकोनी पोलादी नळी, आणि दुसऱ्या महायुद्धात पोलाद मिळेना तेव्हा आबनूसची पट्टी. यातलं काहीच फिरवता येत नाही. फ्रेटबोर्डवर लोहचुंबक धरलं आणि ओढ जाणवली तर आत पोलाद आहे. फ्रेट स्वतः चुंबकाला चिकटत नाहीत. जुन्या मार्टिनचं वय आजमावताना ही छोटी युक्ती फार उपयोगी पडते.

१९४४ च्या अखेरीपर्यंत मार्टिन आतले ब्रेस कोरून हलके करत असे. मग जड तारांचा वापर वाढला, टॉप फुगण्याच्या तक्रारी यायला लागल्या आणि ते थांबवलं गेलं. त्या आधीच्या गिटारींचा खोल, पसरणारा नाद याच हलकेपणातून येतो, आणि पावसाळ्यात त्याच सगळ्यात जास्त हलतात. अशा गिटारीवर मीडियम तारा कधीही चढवू नयेत. आपल्या हवेत लाइटही जास्तच होतात असं मला वाटतं. अकरा नंबरचा संच लावून बघा.

मग पावसाळ्यात करायचं तरी काय?

सगळ्यात स्वस्त उपाय खुंट्यांमध्ये आहे. सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवल्या की ओढा सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो, पूर्ण सुराने उतरवल्या तर २० टक्क्यांनी. ७३ किलोचे ६५ किंवा ५८ किलो. अर्ध्या सुराने उतरवल्या असतील तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चाप) लावला की पुन्हा मूळ पट्टी मिळते. पाऊसभर पेटीतच राहणारी गिटार पूर्ण सुराने उतरवून ठेवा. तारा पूर्ण काढून महिनोन्‌महिने ठेवणं मला पसंत नाही, विशेषतः ज्या नेकमध्ये ट्रस रॉड आहे त्याच्यावर मग एकाच बाजूचा ताण उरतो.

दुसरा उपाय दोन सॅडलचा, आणि तो मला सगळ्यात आवडतो. मूळ सॅडल जसंच्या तसं ठेवायचं, त्याच्या शेजारी हाडाचं एक मिलीमीटरभर बुटकं दुसरं करून घ्यायचं. जूनअखेर बुटकं बसवायचं, दिवाळीनंतर मूळ. सॅडल सैल बसणारं असेल तर तार बदलताना पाच मिनिटांचं काम. मात्र १९६५ पर्यंतच्या मार्टिनमध्ये सॅडल ब्रिजच्या आरपार जातं आणि चिकटवलेलं असतं. तिथे हा खेळ करू नका, तारा हलक्या करा. १९६० च्या दशकातल्या पुष्कळ गिब्सनवर दोन स्क्रूंनी वर-खाली होणारं सॅडल असतं. नादाला मारक म्हणून संग्राहक ते काढून टाकतात. नाद थोडा बसतो हे खरं, पण मुंबईच्या हवेत त्या दोन स्क्रूंइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही. काढलंच तर सगळे भाग पुडीत घालून पेटीत जपून ठेवा. पुढच्या मालकाला ते हवे असतील.

ब्रिज रंधून पातळ करणं मात्र कुठल्याही ऋतूत नको. तारा खाली येतात, पण पातळ झालेला ब्रिज चिरतो, टॉपला आधार कमी मिळतो आणि नेकचा मूळ दोष तसाच राहतो. जुनी गिटार विकत घेताना ब्रिजची जाडी मुद्दाम मोजा. आठ-नऊ मिलीमीटरच्या जागी पाच दिसली तर कुणीतरी हे केलेलं आहे.

तिसरा उपाय हवेचा. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता आदर्श, पण जुलैत समुद्रालगत ८० ते ९० टक्के असताना ६० जमलं तरी गिटार सुखी राहते. एकच खोली ठरवा, दारं-खिडक्या बंद ठेवा आणि डिह्युमिडिफायर लावा. चार-पाच चांगल्या गिटारी असतील तर हा खर्च एका नेक रिसेटच्या आत वसूल होतो. एसीही ओलावा काढतो, फक्त त्याचा झोत थेट गिटारीवर नको. पेटीत सिलिका जेल चालतं, पण पेटी हवाबंद नसते आणि पावसाळ्यात जेल काही दिवसांतच भरून जातं. रंग बदलणारं, केशरी जातीचं घ्या, कापडी पिशवीत ठेवा, रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. पिशवी लॅकरला टेकू देऊ नका. रबरी आणि प्लास्टिकच्या वस्तूंनाही हेच लागू. जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर रबराच्या स्टँडचे डाग कायमचे उठतात. पेटीच्या अस्तराला वास यायला लागला की बुरशी आली समजा. ऑक्टोबरच्या उन्हात रिकामी पेटी उघडी ठेवा. पेटीच, गिटार नव्हे.

उन्हाचं म्हणाल तर जुन्या गिटारी सरसाने जोडलेल्या असतात आणि सरस ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. मे महिन्यात उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत एवढी उष्णता सहज होते. तिथे ठेवलेल्या गिटारीचा ब्रिज एका दुपारीत सुटू शकतो.

खरंच रिसेट लागला तर

डिसेंबरातही पट्टी ब्रिजच्या पोटात धडकते, सॅडल घासायला उरलेलं नाही आणि तारा तीन मिलीमीटरवर आहेत: मग रिसेटच. मार्टिन-गिब्सनचा सांधा कबुतरशेपटी खाचेचा असतो. पंधरावा फ्रेट काढून खालच्या खाचेतून छिद्र पाडतात, त्यातून वाफ सोडून सरस मऊ करतात, नेक वेगळा करतात, हीलचं (नेक खोक्याला जिथे भिडतो त्या टाचेचं) लाकूड कणाकणाने तासून कोन बदलतात आणि पुन्हा गरम सरसाने बसवतात. आपल्याकडे हे काम अंगवळणी पडलेले हात मोजके आहेत. कारागिराला आधी दोन प्रश्न विचारा: नेक कसा सोडवणार आणि कुठल्या चिकटीने बसवणार? ‘हीलमधून स्क्रू मारतो’ किंवा ‘इपॉक्सी भरतो’ असं उत्तर आलं तर गिटार उचलून घरी आणा. सुतारकामाचा पांढरा गोंदही नको, सततच्या ओढ्याखाली तो सावकाश सरकतो आणि पुढच्या वेळी सांधा स्वच्छ उघडू देत नाही. सरसाचा सांधा पन्नास वर्षांनी पुन्हा वाफेने उघडता येतो.

काम डिसेंबर-जानेवारीत द्या, आणि कारागिराच्या खोलीतली आर्द्रता किती असते तेही विचारा. ८५ टक्क्यांच्या हवेत बसवलेला कोन एप्रिलमध्ये कमी-जास्त निघणारच.

विकत घेतानाही हेच. बांद्रा, माहीम, मडगाव अशा ठिकाणच्या घरांतून जुन्या गिटारी अजून निघतात, आणि पावसाळ्यात ‘वाजत नाही, तारा फार उंच आहेत’ म्हणून त्या स्वस्त मिळतात. तेव्हा पट्टीच्या चाचणीपेक्षा ब्रिजची जाडी, उरलेलं सॅडल, हीलजवळची फट आणि आतले ब्रेस बघा. हे चार नीट असतील तर उंच तारांची भीती बाळगू नका. उन्हाळ्यात घेत असाल तर उलट करा: तारा अगदी खाली आणि गिटार सुरेख वाजते म्हणून भाळू नका. फ्रेटची टोकं बोटाला टोचतात का, टॉप ब्रिजच्या पुढे खचलाय का ते बघा. टोकं टोचत असतील तर लाकूड फार सुकलेलं आहे. आर्द्रता ३५ च्या खाली गेली की पेटीत ओला स्पंज, छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत, दर तीन-चार दिवसांनी पुन्हा भिजवून, नीट पिळून ठेवायचा.